कावळा नसलेल्या बेटावर

सँट्री, डब्लिन
२७ ऑक्टोबर २०२४

मी, पद्माकर रामचंद्र देवकुळे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, पूर्वी वाई येथील न्यायालयात शिपाई व सेवेअखेर नाईक, हल्ली सेवानिवृत्त, हल्ली मुक्काम मुलीच्या घरी, सँट्री, आयर्लंड, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो की:

चि. अनिमेष यास अनेक आशीर्वाद.

रेवती शेजारी उभी राहून म्हणते, "अण्णा, भावाला पत्र लिहिताय की कोर्टात जबानी देताय?" ज्याची हयात साक्षीदारांचा पुकारा करण्यात गेली, त्यास दुसरी रीत ठाऊक नाही, असे मी तिला सांगितले. मी हाताने लिहितो, ती फोनवर त्याचे छायाचित्र काढून तुजकडे धाडते. तुझे उत्तर मात्र कागदावर छापून माझ्या हाती द्यावे, असा दंडक मी घातला आहे. काचेवर वाचलेले माझ्या मनात उतरत नाही.

येथे पाचच्या सुमारास दिवस मावळू लागला आहे. डोक्यावरून विमाने जातात. आठवड्याचे दिवस रणजितराव कामावर, स्वरांगी शाळेत. मी जावयाच्या घरी खिडकीपाशी बसतो. यापेक्षा अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

मुद्द्याची गोष्ट. कार्तिक वद्य षष्ठीस तुझ्या आईचे वर्षश्राद्ध येते. गतवर्षी दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर कावळा शिवेना, हे तुला स्मरत असेल. ऊन चढले. मी म्हणालो, "सुलेखा, माझी काळजी करू नकोस, मी रेवतीकडे जाऊन राहीन." तरी शिवेना. अखेर तू हात जोडून म्हणालास, "आई, तुझे वर्षश्राद्ध मी स्वतःच्या हाताने करीन." तत्क्षणी कावळा उतरला. पुढे तू हवामान मोजावयास उत्तर टोकाच्या बेटावर गेलास. ती तुझी नोकरी आहे, तिच्याआड मी आलो नाही. परंतु दिलेला शब्द स्थळ पाहून बदलत नाही.

तेथे गुरुजी नाहीत, हे मी धरून चालतो. स्नान करावे. भात शिजवावा, त्यात दही, तीळ व तूप घालावे. आईचे नाव घेऊन घास उघड्यावर ठेवावा. ठेवल्यावर मागे वळून पाहू नये. ठेवलेला घास उचलून परत आणू नये.

अण्णा

बेटावरील केंद्र
५ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णा यांस सा. नमस्कार.

पत्र पोचले. इथे सगळ्यांना मी ते दाखवले. आमची स्वयंपाकी नोरीन म्हणाली, "तुझ्या वडिलांचं अक्षर आमच्या फादरपेक्षा चांगलं आहे." ती आयर्लंडचीच, डंडॉकची, म्हणजे तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावरची. मी डब्लिनहून, ताईच्या घरून, आलोय म्हटल्यापासून ती मला गाववाला समजते. माझा कॉफीचा मग कपाटात वेगळा ठेवते.

इथे आम्ही सात जण. सूर्य गेला तो आता फेब्रुवारीत येईल. दिवसातून दोनदा मोठा फुगा वायूने भरून वर सोडायचा, त्याला टांगलेले यंत्र वरच्या हवेची माहिती पाठवते. ऐकायला सोपे आहे. गेल्या आठवड्यात फुगा सोडताना वाऱ्याने फिरून शेडच्या पत्र्यावर आपटला आणि फुटला. दुसरा भरला, तोही फुटला. केंद्रप्रमुख हाल्वर तसा शांत माणूस, पण त्याने नॉर्वेजियनमध्ये जे म्हटले ते मी विचारले नाही. परवा शेडचे दार गोठले. आम्ही दोघे आत अडकलो आणि बाहेरच्यांना वाटले, आम्ही गप्पा मारतोय. सगळे थकलेत. कोणी कोणावर चिडत नाही, कारण चिडायलाही जोर लागतो.

आईच्या श्राद्धाचे. अण्णा, या बेटावर कावळा नाही. हिवाळ्यात तर कुठलाच पक्षी दिसत नाही. शिवाय अस्वलांमुळे अन्नाचा कणही बाहेर टाकायला सक्त मनाई आहे. सफरचंदाचा देठसुद्धा आत आणून भट्टीत जाळतो. म्हणून मी माझ्या खोलीतच आईच्या फोटोपुढे पान मांडतो आणि तुम्हाला फोटो पाठवतो. चालेल ना?

स्वरांगीला सांगा, मामाच्या दाढीवर बर्फ जमतो.

आपला,
अनिमेष

सँट्री
११ नोव्हेंबर २०२४

चि. अनिमेष यास आशीर्वाद.

"चालेल ना" असे तू विचारलेस. चालणार नाही.

छायाचित्राचे श्राद्ध मी ऐकलेले नाही. खोलीत मांडलेले पान तूच खाणार, म्हणजे तो तुझा फराळ झाला. कावळा नसेल तर न का असेना. त्याच्या नावाने घास बाहेर ठेवावा, नंतर जे शिवेल ते शिवेल. वर्षभर ती कोठे तरी खोळंबून बसली असेल, हा विचार मला येथे खिडकीपाशी बसून करावा लागतो. तुला तेथे यंत्रे आहेत. मला दुसरे काम नाही.

नियमाचे म्हणशील तर नियम मलाही कळतात. साहेब खुर्चीवर नसतानाही मी कधी न्यायालयात पान खाल्ले नाही. परंतु घासभर भाताने कोणाचे काय बिघडते? आपल्या आईला घासभर भात न देणारा मुलगा म्हणून तुझे नाव माझ्या तोंडी येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

रेवती म्हणाली, "अण्णा, तो तिथे नोकरीला आहे, घाटावर नाही. मी इथे मागच्या अंगणात ठेवते घास, इथे ढीगभर कावळे आहेत." मी तिला सांगितले, शब्द तू दिलेला नाहीस.

पार पडल्याचे कळव.

अण्णा

बेटावरील केंद्र
२८ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णा यांस सा. नमस्कार.

आईचे कार्य तुम्ही सांगितल्याप्रमाणे केले. काळजी नसावी.

उत्तराला उशीर झाला, कारण इथे गडबड झाली. त्याच दिवशी संध्याकाळच्या फुग्याच्या वेळी एक अस्वल शेडपर्यंत आले. हाल्वर बाहेर होता. पळताना पडला आणि त्याचा पाय मोडला. दुसऱ्या सहकाऱ्याने बंदूक चालवली. अस्वल मेले. इथे अस्वल मारणे ही फार गंभीर गोष्ट असते, त्यामुळे बेटाच्या प्रशासनाची चौकशी सुरू आहे. शिजवलेला भात शेडमागे बर्फात सापडला. म्हणजे स्वयंपाकघरातला कचरा बाहेर गेला, असे त्यांचे म्हणणे आहे. नोरीनला पहिल्या विमानाने परत पाठवतील असे दिसते.

हाल्वर पलंगावरून हवामानाच्या नोंदी तपासतो. बाकी ठीक.

आपला,
अनिमेष

सँट्री
१ डिसेंबर २०२४

चि. अनिमेष यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. कार्य पार पडले, हे वाचून वर्षभराचे ओझे उतरले. काल मी जावयाच्या घरी प्रथमच दुसऱ्यांदा भात मागून घेतला. तू शब्द राखलास. आता माझे काही मागणे नाही.

तुमच्या प्रमुखांचा पाय मोडला हे वाईट झाले. त्यांस माझा नमस्कार कळव. त्या स्वयंपाकीण बाईविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. अन्न ही सांभाळण्याची वस्तू आहे. जिच्या हाती सात माणसांचे स्वयंपाकघर दिले, तिने उष्टे खरकटे उघड्यावर टाकावे आणि त्यापायी एका मनुष्याचा पाय व एका जनावराचा जीव जावा, हा बेजबाबदारपणा आहे. अशा बाईस परत पाठवितात हे योग्यच आहे. तू तिच्या बाजूने बोलून स्वतःस अडचणीत आणू नकोस.

रेवतीने तुझे पत्र वाचून माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "अण्णा, अस्वल आलं ती तारीख बघितलीत का?" मी म्हणालो, पाहिली, षष्ठीच होती. ती फोन घेऊन गेली.

अण्णा

बेटावरील केंद्र
३ डिसेंबर २०२४

ती. अण्णा,

नोरीनबद्दल पुन्हा असे लिहू नका.

तो भात मी ठेवला होता. ताईला ते मागच्याच पत्रात कळले असणार.

माझ्या खोलीतल्या छोट्या कुकरमध्ये शिजवला, दही, तीळ, तूप घातले. सगळे जेवायला बसले तेव्हा शेडमागे गेलो. दिव्याच्या उजेडात घास ठेवला, आईचे नाव घेतले. मनात होते की थोडा वेळ थांबावे आणि उचलून आत न्यावे. पण तुम्ही लिहिले होते, उचलून परत आणू नये. मागे वळून पाहू नये. मी खरोखर वळलो नाही, अण्णा. वळलो असतो तर बहुधा उचलला असता. मग फुग्याची वेळ झाली.

त्या रात्री जेवणात नोरीनने भातच केला होता. त्यामुळे माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही. चौकशीवाल्याने व्हिडिओवर तिला विचारले, "कचऱ्याच्या डब्याचे झाकण लावले होते का?" ती आधी हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "लावलं असेल." काल माझ्याजवळ बसून म्हणाली, "अनी, मी इतकी दमलेय की मला खरंच आठवत नाही. कदाचित मीच असेन." मी तिच्यासमोर बसून चहा प्यायलो.

सांगितले तर माझी नोकरी जाईल आणि अशा कुठल्याच केंद्रावर पुन्हा कोणी घेणार नाही. हे एवढे एकच काम मला येते आणि आवडते. काय करू?

अनिमेष

सँट्री
४ डिसेंबर २०२४

अनिमेष,

तू काहीही बोलू नकोस.

तू आईचे कार्य केलेस, गुन्हा केलेला नाहीस. जे कोणी विचारले नाही त्याचे उत्तर द्यावे लागत नाही. ती बाई तिच्या देशात परत येईल, दुसरीकडे स्वयंपाक करील. स्वयंपाकाची कामे सर्वत्र मिळतात. तुझे तसे नाही. ही माझी आज्ञा समज.

अण्णा

बेटावरील केंद्र
१० डिसेंबर २०२४

ती. अण्णा,

आज्ञा पाळतो आहे.

नोरीनने काल स्वयंपाकघराच्या किल्ल्या हाल्वरच्या पलंगावर ठेवल्या. आता डबे दुसराच कोणी तपासतो. ती फक्त रांधते. माझा मग अजून वेगळा ठेवते.

अनिमेष

सँट्री
१९ डिसेंबर २०२४

चि. अनिमेष यास आशीर्वाद.

या पत्रास उशीर झाला. कारण लिहितो.

तुझे मागील पत्र रेवतीने छापून माझ्या हाती दिले व समोर बसली. म्हणाली, "अण्णा, वाचलंत? आता डंडॉकला चला. तिच्या आईला एकदा तोंड दाखवून या आणि मग खुशाल गप्प बसा. एवढं जमेल ना तुम्हाला?" माझी मुलगी माझ्याशी असे कधी बोलली नव्हती. मी कोट घातला.

रविवारी रणजितरावांनी गाडी काढली. स्वरांगीही आली. तू नोरीनबाईंकडून त्यांच्या आईचा पत्ता घेतलास तो रेवतीने तुझ्याकडून कसा मिळविला, हे मी तुला विचारणार नाही. तुम्हां बहीणभावांचे आधीच ठरले असावे.

नोरीनबाईंच्या आई श्रीमती मॅकार्डल माझ्याच वयाच्या आहेत. गुडघे धरून चालतात. आम्ही कोण, हे रेवतीने एवढेच सांगितले की, तुमच्या मुलीबरोबर काम करणाऱ्या मुलाचे घरचे. त्यांनी सर्वांस थेट स्वयंपाकघरात नेले. मला संकोच वाटला, पण तिथे चूल पेटलेली होती. चहा दिला. त्या जे बोलत, ते स्वरांगी मला मराठीत सांगे आणि मी जे बोले ते त्यांना. नातीला मराठी येते, हे मला त्या दिवशी कळले. एरवी माझ्या प्रत्येक प्रश्नाला "ग्रँड, आजोबा", म्हणजे सगळे छान, हे एकच उत्तर असते.

बाई म्हणाल्या, "तुमचा मुलगा म्हणजे तो फुगेवाला का? नोरीन म्हणते, युअर मॅन, म्हणजे तो गडी, चांगला आहे, पण अलीकडे जेवत नाही. त्याला सांगा जेवायला."

मी चहा पीत राहिलो.

नंतर म्हणाल्या, "माझी मुलगी झाकण उघडं ठेवणारी नाही हो. या घरात बिस्किटाच्या डब्यालाही ती रबर लावून ठेवायची. पण आता तीच मला फोनवर म्हणते, ममा, असेन मी विसरले. मी काय बोलू? ते मनावर घेऊन जगणं सोपं नाही. नोकरी जाऊ दे. पण एका माणसाचा पाय आपल्यामुळे मोडला, असं वाटत तिने जन्म काढायचा का?"

स्वरांगीने हे भाषांतर करताना मध्येच थांबून माझ्याकडे पाहिले. लहान मुलांना घरात काय चालले आहे हे कळत नाही, असा माझा समज होता.

अनिमेष, मी नोकरीच्या काळात पुष्कळ खोटे साक्षीदार पाहिले. ते खोटे बोलत, त्याचे मला विशेष वाटत नसे. ज्याच्यावर आळ आहे, तोच थकून "असेन बुवा मी" असे म्हणू लागे, ते मात्र मला पाहवत नसे. मी तेव्हा बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहत असे. आता मला व्हरांडा उरलेला नाही. हे पत्र मिळताच हाल्वरसाहेबांकडे जा. आधीची आज्ञा मी मागे घेतो. ती मी बाप म्हणून नव्हे, भिऊन दिली होती.

अण्णा

बेटावरील केंद्र
२३ डिसेंबर २०२४

ती. अण्णा यांस सा. नमस्कार.

तुमचे पत्र यायच्या आदल्या दिवशी मी सांगून टाकले होते. आज्ञा मोडली. क्षमा असावी.

हाल्वरने पूर्ण ऐकून घेतले. म्हणाला, "भात कशासाठी?" मी सांगितले, आईसाठी, पक्ष्याला द्यायचा असतो. तो म्हणाला, "इथे पक्षी नाहीत." मी म्हणालो, माहीत आहे. मग त्याने आपल्या पायाच्या प्लास्टरकडे पाहिले. फेब्रुवारीच्या पहिल्या विमानाने मी परत येतोय. चौकशीचा निकाल वेगळा लागेल.

नोरीनला मी स्वतः सांगितले. आधी तिने मला एक शिवी दिली, ती आयरिश होती, ताईला विचारू नका. मग म्हणाली, "तीन आठवडे मी रोज रात्री ते झाकण लावत होते, माहितेय? झोपेत. रोज." मग रडली. मग म्हणाली, "मूर्खा, मला सांगितलं असतंस तर भट्टीच्या तोंडाशी ठेवायला जागा दिली असती. धूर तरी वर गेला असता." अजून नीट बोलत नाही. माझा कॉफीचा मग आता सगळ्यांच्या मगांच्या रांगेत ठेवते.

जबानीत मी लिहिले आहे की, हे मी माझ्या मर्जीने केले. तुमचे नाव घेतलेले नाही. घ्यायचे कारणही नाही.

आपला,
अनिमेष

डंडॉक
५ जानेवारी २०२५

बेटाच्या प्रशासनाचे चौकशी अधिकारी यांस,

मी, पद्माकर रामचंद्र देवकुळे, वय माझ्या ओळखपत्राच्या सोबतच्या प्रतीत पाहावे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो. हे मूळ मराठीत असून माझी मुलगी याचे इंग्रजी करून सोबत जोडीत आहे.

माझा मुलगा अनिमेष याने आपल्या जबानीत घडलेली गोष्ट स्वतःच्या मर्जीने केली असे लिहिले आहे. ते अपुरे आहे. त्याने मला दिनांक ५ नोव्हेंबर रोजी लेखी कळविले होते की, बेटावर अन्न बाहेर ठेवण्यास मनाई आहे व पक्षी नाहीत. त्याने दुसरा मार्गही सुचविला होता. तो मी नाकारला. भात बाहेर ठेवावा, उचलू नये व मागे पाहू नये, असे मीच लिहिले. तो तसे वागला, कारण लहानपणापासून तो माझे ऐकत आला आहे, हा त्याचा दोष मानावयाचा असल्यास तो मी घडविलेला आहे.

खरे कळल्यावरही मी त्यास गप्प राहण्याची आज्ञा केली. त्या दिवसांत एक निरपराध स्त्री स्वतःस दोषी समजू लागली. ही दुसरी चूक पहिल्या चुकीहून मोठी आहे व ती सर्वस्वी माझी आहे. पहिली मी श्रद्धेने केली असे म्हणता येईल. दुसरीस तसे काही म्हणता येणार नाही.

मुलास सवलत द्यावी, अशी माझी विनंती नाही. नियम मोडला तो त्याच्या हातांनी. माझी विनंती इतकीच आहे की, श्रीमती नोरीन मॅकार्डल यांचे नाव या प्रकरणातून लेखी वगळावे व त्याचे पत्र त्यांच्या आईच्या पत्त्यावर धाडावे, कारण त्या माऊलीस ते वाचावयाचे आहे.

हाल्वरसाहेबांची मी क्षमा मागतो. मेलेल्या जनावराची क्षमा कोणाकडे मागतात, हे मला ठाऊक नाही.

तो भात त्या जनावराने खाल्ला होता किंवा कसे, हे मुलाने मला सांगितलेले नाही. मी विचारलेले नाही व विचारणार नाही. माझ्या पत्नीस काय पोचले व काय नाही, याचा हिशेब मी यापुढे ठेवणार नाही. मी आता थकलो आहे.

वरील मजकूर मी डंडॉक येथे श्रीमती मॅकार्डल यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच टेबलावर, त्यांना सर्व सांगून झाल्यावर लिहिला. त्यांनी प्रथम आम्हांस निघून जावयास सांगितले. आम्ही दारापर्यंत गेलो असता त्या म्हणाल्या, "थांबा. ते कागदावर लिहा, माझ्यासमोर." मी बसलो. या खेपेस त्यांनी चहा विचारला नाही, परंतु दिवा माझ्या बाजूस सरकविला.

वाचून दाखविले, बरोबर आहे.

पद्माकर रामचंद्र देवकुळे

समक्ष हजर:
रेवती, मुलगी.
रणजित, जावई.
स्वरांगी, नात. अल्पवयीन असल्याने तिची सही ग्राह्य नाही, परंतु प्रत्येक वाक्य तिच्याच तोंडून यजमानीणबाईंस कळले, म्हणून नाव लिहिले.
बर्नडेट मॅकार्डल, नोरीनची आई. सही करण्यापूर्वी त्यांनी माझी लेखणी घेऊन आपल्या नावापुढे "आई" हा शब्द स्वरांगीस मराठीत कसा लिहितात ते विचारून, तिने काढून दाखविल्याप्रमाणे स्वतःच्या हाताने लिहिला आहे.